शेऱ्यांचा रकाना

फ्रीजचा आवाज थांबला की मी हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात जाते. कॉम्प्रेसर मधूनमधून बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो, एवढं मलाही कळतं. तरी जाते, वरचं दार उघडते आणि बर्फाच्या ट्रेला बोट लावून बघते. नवरा सोफ्यावरून विचारतो, "काय गं, आहे ना जिवंत?" मी फ्रीजचं दार लावते. ही सवय मला कुठून लागली हे त्याला माहीत आहे, आणि त्यात त्याचा हात किती हेही.

मी सिंगापूरमध्ये बसून पृथ्वीच्या पार उत्तरेकडच्या गावांची तग मोजते. पुण्याला हे कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या आईकडे, मुलगी बरी आहे ना म्हणून. त्यांचं काही चुकत नाही. आभाळातून पडणारा बर्फ मी आजवर पाहिलेला नाही. विद्यापीठातल्या आमच्या खोलीत एसी इतका गार असतो की मी शाल घेऊन बसते, आणि खिडकीबाहेर बारा महिने तेच ते ओलं, चिकट ऊन. पण इथून तिकडे बघायला कारण आहे. तिकडचा बर्फ गेला की इथलं समुद्राचं पाणी चढतं, आणि जहाजांचे रस्तेही बदलतात. नवऱ्याचं ऑफिस हार्बरफ्रंटला, मालवाहू जहाजांच्या कंपनीत. त्याच्या भिंतीवर माझ्याच भागाचा नकाशा आहे. त्यात मी गावं बघते, तो उन्हाळ्यात मोकळा होणारा रस्ता बघतो. "तुझं वाईट झालं की आमचं बरं होतं," असं तो चेष्टेनं म्हणायचा आणि मी हसायचे. आता तो म्हणत नाही.

तग हा शब्द मी आईला समजावताना वापरला आणि तोच मला चिकटला. हवामान बदलत असताना एखादं गाव आणि त्याच्या भोवतीचं सगळं, म्हणजे शेवाळ, मासे, पक्षी, बर्फ, किती तग धरून राहील याचा एक आकडा काढायचा, हे आमचं काम. बर्फाची आणि शेवाळाची माहिती उपग्रहावरून येते. माणसांची माहिती मात्र गावातलंच कुणीतरी दर महिन्याला एका फॉर्मवर पाठवतं. बर्फावर किती दिवस जाता आलं, किती बोटी चालू आहेत, मुलं घरात कुठली भाषा बोलतात, या महिन्यात किती घरांनी दुसऱ्या घरांना मांस दिलं. सगळ्यात शेवटी शेऱ्यांचा एक रकाना, हवं तर भरा म्हणून.

हा आकडा नुसता कागदावर राहत नव्हता. उन्हाळ्याच्या शेवटी आमची यादी एका मदत संस्थेकडे जायची. ज्या गावांची तग सगळ्यात कमी, त्यांना समुद्र गोठण्याआधी निघणाऱ्या सामानाच्या बोटीतून मदत. त्या वर्षी मदत म्हणजे विजेवर चालणारी गार खोली होती, कंटेनरएवढी, गावाचं हिवाळ्याचं मांस मावेल अशी. बोट वर्षातून एकदाच जाते. ती गेली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही नाही.

मांस देण्याचा प्रश्न आमच्या यादीत आधीपासून होता, पण आकडा काढताना त्याला फारसं वजन नव्हतं. ते वाढवलं मी. आमच्या प्रमुखांनी मीटिंगमध्ये विचारलं की माणसं एकमेकांना किती धरून आहेत हे कशावरून ओळखायचं, आणि मी शहाणपण पाजळलं. आमच्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत, हे सांगितलं. आई निदान चिमूटभर साखर तरी घालायची. ज्या चाळीत वाट्या फिरतात तिथे कुणी एकटं पडत नाही, आणि ज्या गावात मांस फिरतं ते गाव टिकतं, असं मी ठासून म्हणाले. प्रमुख स्वतः थंड देशातले, इथल्या उन्हानं कायम लाल झालेले. ते टेबलावर हात आपटून म्हणाले, हेच तर आपल्याला मोजायचं होतं. त्या दिवशी मी एमआरटीच्या मेट्रोतून घरी येईपर्यंत मनातल्या मनात मिरवत होते. तोवर खोलीतल्या हुशार मुलामुलींमध्ये मी जरा वयानं जास्त आणि बोलण्यात कमी, अशीच बसून असायचे.

एक गाव माझं लाडकं होतं. नाव सांगत नाही. यादीत त्याला नुसता क्रमांकच होता. तिथला फॉर्म गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या, साठीच्या एक बाई भरायच्या. व्हिडिओवर आमचं दोनतीनदा बोलणं झालं होतं, माझी सकाळ आणि त्यांची आदल्या दिवसाची दुपार. त्यांचं इंग्रजी हळू आणि नेमकं. मी एकदा विचारलं की एवढं मांस वर्षभर ठेवता कुठे, तर त्यांनी फोन उचलून बाहेर नेला आणि जमिनीतलं एक लाकडी झाकण दाखवलं. खाली शिडी. गोठलेल्या जमिनीत खणलेली कोठी, त्यांच्या आजोबांच्याही आधीची. "आमच्या घराला कुलूप नाही," त्या म्हणाल्या, "पण हे झाकण आम्ही नीट लावतो." मी त्यांना आमचा फ्रीज दाखवला. त्या खूप हसल्या.

त्या वर्षी मार्चपासून त्या गावाचा मांस देण्याचा आकडा चढायला लागला. एप्रिलमध्ये आणखी, मे महिन्यात निम्म्या गावानं निम्म्या गावाला दिलेलं, आणि जुलैपर्यंत देत नाही असं एकही घर उरलं नाही. बर्फावर जायचे दिवस कमी झाले होते, बोटीही कमी झाल्या होत्या, तरी मी वजन वाढवलेल्या त्या एका प्रश्नाच्या जोरावर गाव आमच्या यादीत वर वर गेलं. मला इतका आनंद झाला की मी तो आलेख घरच्या फ्रीजवर मॅग्नेटनं लावला. बाकी सगळं ढासळत असताना माणसं एकमेकांच्या आणखी जवळ येताहेत! ऑगस्टच्या शेवटी यादी गेली तेव्हा माझं गाव सगळ्यात टणक गावांमध्ये होतं. गार खोली त्याला मिळणार नव्हती, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. ज्याला लागेल त्याला मिळावी, एवढंच मनात आलं.

आमचा फ्लॅट हौगांगला, अकराव्या मजल्यावर. समोरच्या दारात एक चिनी आंटी एकट्या राहतात. आमच्यात वाट्यांचा व्यवहार जुना आहे. त्या बाजारातून मासे आणतात आणि सूप करून देतात, मी त्या भांड्यातून शिरा नाहीतर कोथिंबीर वडी पाठवते. नवरा मासे खात नाही, तेव्हा सूप सगळं माझं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आंटींनी सोमवारी पापलेट दिलं. मंगळवारी कोळंबी. बुधवारी वाफवलेलं अख्खं कोंबडं. गुरुवारी पुन्हा मासे, एवढे की माझ्याकडे ठेवायला जागा नव्हती. मी नवऱ्याला म्हणाले, "बघ, पुण्यात तरी कुणी इतकं करेल का?" तो म्हणाला, "काहीतरी काम असेल तुझ्याकडे." मी त्याच्यावर चिडले. लोकांच्या चांगुलपणात खोट काढायची त्याला खोडच आहे, असं काहीबाही बोलले.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी रव्याचे लाडू घेऊन समोर गेले. आंटींचं दार उघडं होतं. आत फरशीवर जुने टॉवेल पसरलेले, आणि फ्रीजखालून पाण्याची एक बारीक धार निघून थेट उंबऱ्यापर्यंत आली होती. आंटी ओणव्या होऊन ती पुसत होत्या. मला बघताच त्यांनी एक पिशवी माझ्या हातात कोंबली.

"टेक, टेक. फ्रीजर स्पॉइल ऑलरेडी लाह. फुल वीक कॅनॉट कीप. टुमॉरो ऑल थ्रो."

पिशवीतून माझ्या पायावर गार थेंब पडला. आंटी आणखी काही सांगत होत्या, नवा फ्रीज रविवारी येणार वगैरे. मला फक्त ती धार दिसत होती. ठेवता येत नाही म्हणून देतात. हे एवढं सोपं होतं. लाडवांचा डबा मी तिथेच बुटांच्या कपाटावर ठेवला आणि घरात आले.

लॅपटॉप उघडून मी माझ्या गावाचे मूळ फॉर्म काढले. आमचा प्रोग्राम फॉर्ममधले फक्त आकडे उचलतो. अक्षरं तो टाकून देतो, आणि टाकून द्यायची ती ओळ मीच लिहिली होती, काम हलकं व्हावं म्हणून. शेऱ्यांचा रकाना मी कधी उघडलेलाच नव्हता. त्यात दर महिन्याला काही ना काही लिहिलेलं होतं. मार्चमध्ये: कोठीच्या भिंतीला ओल आहे. एप्रिलमध्ये: कोठीत तळाशी पाणी. मे: पाणी घोट्यापर्यंत, सगळ्यांच्याच कोठ्यांत, खराब होण्याआधी वाटून टाकत आहोत. जून: वास येतो. जुलै: हिवाळ्याचं होतं तेही दिलं, सगळे पोटभर खात आहेत. ऑगस्टचा शेरा सगळ्यात लहान होता: हे कुणी वाचतं का?

मी फ्रीजवरचा आलेख काढून घेतला. ती वर जाणारी रेघ म्हणजे एका गावाचा हिवाळा होता, सहा महिने आधी खाऊन संपत आलेला.

आता जे सांगायचं ते मला सोपं नाही. त्याच क्षणी प्रमुखांना फोन करायला हवा होता. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, संध्याकाळचे सात वाजले होते. पण सोमवारी माझ्या कॉन्ट्रॅक्टच्या रिन्यूअलवर त्यांची सही व्हायची होती. कॉन्ट्रॅक्ट नाही तर माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, नाही. रिन्यूअलच्या शिफारशीत त्यांनी माझं कौतुक ज्या एका गोष्टीसाठी केलं होतं ती होती मांसाच्या प्रश्नाचं वाढवलेलं वजन. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंगळवारी सांग की. सोमवार जाऊ दे. यादी जाऊन दहा दिवस झालेत, चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

पुढे कित्येक महिने मी हे वाक्य त्याच्या डोक्यावर फोडत राहिले. पण खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. तो तसं म्हणाला नसता तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं.

शनिवार-रविवार आम्ही घरातच होतो. बाहेर आभाळ भरून यायचं, गडगडायचं, आणि एक थेंब न पडता तसंच उतरून जायचं. आंटींचा नवा फ्रीज रविवारी सकाळी आला. दोन माणसांनी तो लिफ्टमधून आणला, जोडला आणि जुना नेला. सगळं मिळून अर्धा तास. आंटींनी माझा लाडवांचा डबा परत दिला, आत संत्री घालून. मी दारात उभी राहून थँक यू म्हणाले.

सोमवारी सही झाली. प्रमुखांनी हात मिळवला. मंगळवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले आणि शेरे छापलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी एवढंच विचारलं, "कधी लक्षात आलं?"

"काल संध्याकाळी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, पत्र लिहिलं, आकडे बदलून नवी यादी पाठवली. एकदाही मला बोल लावला नाही. वजनावर आपण सगळ्यांनीच मान डोलावली होती, असं म्हणाले. बुधवारी उत्तर आलं. यादीतला बदल मान्य, गाव पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर. या वर्षीची बोट सोमवारी दुपारी सुटली.

हे उत्तर मी इतक्यांदा वाचलं आहे की त्यातला स्वल्पविराम कुठे आहे तेही मला सांगता येईल. शुक्रवारी फोन केला असता तर खोली माझ्या गावाला मिळाली असती का? प्रमुख म्हणतात, काही करणं शक्यच नव्हतं, तोवर बोट भरून निघायच्या बेतात होती. पण त्यांना शुक्रवार माहीतच नाही. ते सोमवार संध्याकाळचा हिशोब करतात. आणि गार खोली ज्या दुसऱ्या गावाला गेली त्यांनाही ती हवीच होती, असं मी स्वतःला सांगते. त्यानं काही हलकं वाटत नाही.

त्या आठवड्यात मी त्या बाईंना व्हिडिओ कॉल केला. मला शिव्या खायच्या होत्या. त्या शाळेच्या स्वयंपाकघरातच होत्या, मागे रिकामी मोठी भांडी उलटी घातलेली. मी सांगितलं की तुमचे शेरे आम्ही वाचले नाहीत, आम्ही देण्याला ताकद समजलो, आणि त्यामुळे गार खोली गेली. शुक्रवारचं सांगितलं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि समजून घ्यायचं म्हणून विचारलं, "म्हणजे आम्ही कमी दिलं असतं तर मदत आली असती?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"मग मी आता कमी लिहू का? किती लिहिलं की तुमचा आकडा बरोबर येईल?"

आणि मी, मीच, खुर्चीत सावरून बसले. संशोधकाच्या आवाजात म्हणाले, "नाही, तसं नका करू. तुम्ही फक्त खरं तेच लिहा. शेरेही लिहा. आता मी स्वतः वाचते."

त्यांनी मान हलवली. "ठीक आहे," म्हणाल्या, "खरं तेच लिहीन." मग त्यांनी विचारलं की तुमच्याकडे आज किती गरम आहे. मी सांगितलं. त्या या वेळी हसल्या नाहीत.

ऑक्टोबरचा फॉर्म आला. मांस देणारी घरं निम्म्यावर. शेऱ्यात लिहिलं होतं, समुद्र अजून गोठलेला नाही, शिकारीला जाता येत नाही. नोव्हेंबरमध्ये चारपाच घरं. शेरा: दुकानातल्या डब्यांवर चाललं आहे, विमान वाऱ्यामुळे दोनदा परत गेलं. मी दोन्ही वेळा ते वाचून प्रमुखांना दाखवलं, त्यांनी दोन्ही वेळा पत्रं लिहिली, आणि दोन्ही वेळा उत्तर आलं की नोंद घेतली आहे. घरी नवरा त्याच्या नकाशाविषयी एकदा बोलता बोलता सांगून गेला की या वर्षी वरचा रस्ता नेहमीपेक्षा उशिरापर्यंत मोकळा राहिला, कंपनीत सगळे खूष आहेत. मी ताट तसंच ठेवून उठले. तो मागून म्हणाला, "अगं, मी काय केलं?" त्यानं काहीच केलं नव्हतं. मलाच कुणावर तरी ओरडायचं होतं.

डिसेंबरमध्ये प्रमुखांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. सुधारलेला प्रोग्राम आता शेरेही उचलत होता, वजनं नव्यानं बसवली होती, आणि त्यांना तो चालवून दाखवायचा होता. भिंतीवरच्या पडद्यावर उत्तरेचा नकाशा उघडला. एकेक गाव रंगत गेलं, हिरवं, पिवळं, केशरी. माझं गाव सरळ लाल झालं. खोलीत कुणीतरी हलकेच टाळी वाजवली. प्रमुख माझ्याकडे वळून समाधानानं म्हणाले, "बघा, आता मापन बरोबर येतं."

मी गावाच्या ठिपक्यावर क्लिक केलं आणि त्या महिन्याचा फॉर्म उघडला. किती घरांनी दुसऱ्या घरांना मांस दिलं, या प्रश्नापुढे शून्य होतं. खाली शेऱ्यांच्या रकान्यात एकच ओळ.

तुम्ही सांगितलं तसं खरं तेच लिहिलं आहे.